पहिली कळ ते दवाखान्याचे दार : प्रस्तावना

पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यापासून गर्भाशयाचे तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत बरेच तास जातात, कधी एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवसही. हा काळ बहुतेक बायका घरातच काढतात. जवळ डॉक्टर नसतात, परिचारिका नसते. असते ती आई, सासू, जाऊ, नवरा, गावात असली तर आशाताई. दर थोड्या वेळाने सगळ्यांसमोर एकच प्रश्न उभा राहतो : निघायचे का? प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र या तासांच्या वाट्याला थोडीच पाने येतात. जास्त पाने जातात ती बाळ बाहेर येण्याच्या वेळेला आणि त्यातल्या अडचणींना. सुरुवातीच्या कळांचा अभ्यास हे स्वतंत्र क्षेत्र मानावे, आणि त्यात घरच्या माणसांना अभ्यासक म्हणून जागा असावी, अशी माझी भूमिका आहे. नर्सिंगची विद्यार्थिनी, आशाताई, दिवस भरत आलेली बाई आणि तिच्या घरचे, या सगळ्यांचे येथे मनापासून स्वागत.

आधी शरीरात काय चालते ते पाहू. दिवस भरत येतात तशी गर्भाशयाच्या स्नायूंची ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढते, सुट्या सुट्या आकुंचन पावणाऱ्या पेशी एकत्र काम करू लागतात, आणि प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे गर्भाशयाचे घट्ट तोंड मऊ पडू लागते. कळ वरच्या भागात उठते आणि खाली पसरते. ती ओसरल्यावर वरचा स्नायू पूर्वीच्या लांबीला परत येत नाही, थोडा आखूडच राहतो. त्यामुळे खालचा भाग वर ओढला जातो. तोंड आधी पातळ होते आणि मग उघडते. पहिलटकरणीत हे पातळ होण्याचे काम आधी बरेच पुढे गेलेले असते. म्हणून तपासणीनंतर ‘अजून एकच बोट उघडलंय’ असे कानावर पडले, तरी आदल्या रात्रीच्या कळा वाया गेल्या असे समजू नये. त्यांनी केलेले काम बोटांच्या मापात दिसत नाही, एवढेच.

दोन कळांमधल्या विसाव्याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. कळ चढते तेव्हा वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बाळाला मिळणारे रक्त तेवढा वेळ घटते. कळ उतरली की प्रवाह पूर्ववत होतो. विसावा आईइतकाच बाळाचाही असतो. पोट सतत दगडासारखे कडक, दुखणे अखंड, मध्ये सैल पडणे नाहीच, असे झाले तर ते नेहमीच्या कळांचे लक्षण नव्हे. तिथे घड्याळ बघत न बसता निघावे.

कळा ओळखायच्या कशा? जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज वैद्याने 1872 मध्ये लिहून ठेवले की गर्भाशय गर्भारपणातही अधूनमधून आकुंचन पावत असते. आज त्या आकुंचनांना त्याचेच नाव आहे. आपल्याकडे त्यांना खोट्या कळा म्हणतात. त्यांत पोट खरेच कडक होते, बाईला त्रासही होतो. मात्र त्या अनियमित असतात आणि पुष्कळदा पाणी प्यायल्यावर, लघवी करून आल्यावर किंवा कुशीवर पडल्यावर विरतात. प्रसूतीच्या कळा विश्रांतीने थांबत नाहीत. त्या जवळजवळ येतात, लांबतात, जोर धरतात. बऱ्याच जणींच्या कमरेत सुरू होऊन ओटीपोटाकडे येतात. सोबत चिकट, किंचित रक्त मिसळलेला स्राव दिसू शकतो, पण तो काही दिवस आधीही दिसतो, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

परीक्षा साधी आहे. बेंबीच्या वर हात सपाट ठेवावा. पोट कडक होऊ लागले की वेळ टिपावी, सैल पडले की पुन्हा टिपावी. अंतर मोजायचे ते एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. प्रसूतिकक्षातली परिचारिका हेच करते : दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, एवढे लिहिते. घरासाठी पहिलटकरणींना पुष्कळदा एक नियम सांगतात : कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक सुमारे मिनिटभर, आणि हे तासभर चाललेले, की निघावे. पण हा नियम दवाखाना जवळ असणाऱ्यांचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सगळे झपाट्याने होते, तेव्हा आधीच निघावे. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पाड्यावर, पावसाळ्यात मध्ये नाला भरलेला असताना, कळा पाच मिनिटांवर येण्याची वाट पाहणे धोक्याचे. तिथल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या आधी काही दिवस बाईने तिथे येऊन राहावे अशी ती सोय. अंतराचा प्रश्न कळा सुरू होण्याआधी सोडवणारी ही शहाणी व्यवस्था आहे, आणि तिचा अभ्यास व्हायला हवा त्याहून फार कमी झाला आहे.

या क्षेत्राचा आधुनिक इतिहास एका आलेखाभोवती फिरतो. न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1955 मध्ये 500 पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भाशयाच्या तोंडाचे सेंटिमीटर. रेघ बराच वेळ जवळजवळ सपाट जाते आणि मग एकदम चढते. सपाट भाग म्हणजे सुप्तावस्था, चढाचा भाग म्हणजे सक्रिय अवस्था. सुप्तावस्था पहिलटकरणीत 20 तासांच्या, इतरांत 14 तासांच्या पुढे गेली तर ती लांबली असे त्यांनी ठरवले. पुढे 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, या आलेखावर सावधानतेची आणि कृतीची अशा दोन रेघा ओढल्या. बाईला मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायचे हे दूरच्या दवाखान्यातल्या सुईणीला कळावे, हा त्यामागचा हेतू. अडलेल्या बाईला वेळेत हलवणारा हा कागद पुढे जगभर गेला आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही आला.

सावधानतेच्या रेघेमागचे तासाला एक सेंटिमीटर हे माप मात्र अनेकींच्या शरीराला लागू पडत नव्हते. ज्यांची रेघ सपाट होती त्यांना ‘अडकली’ ठरवून औषधे टोचली जात, शस्त्रक्रियाही होत. जागतिक आरोग्य संघटनेने सुधारलेल्या तक्त्यातून 2000 मध्ये सुप्तावस्थेचा रकानाच काढला. 2018 मध्ये तिने सक्रिय अवस्थेची सुरुवात चारऐवजी पाच सेंटिमीटरवर नेली, सुप्तावस्थेचा ठरावीक कालावधी सांगता येत नाही हे मान्य केले, आणि आई व बाळ सुखरूप असतील तर पाच सेंटिमीटरच्या आधी प्रसूतीचा वेग वाढवण्याची घाई करू नये असे बजावले. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. अनावश्यक सिझेरियन टाळण्याची पहिली संधी याच सपाट रेघेत असते, आणि ती घालवण्यात घाबरलेले घर आणि घाईत असलेले रुग्णालय दोघांचाही हात असतो.

घाई न करण्याचा विचार आपल्या परंपरेतही आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात कळा येणाऱ्या बाईला मुसळ घेऊन धान्य कांडायला लावावे असे काहींचे मत नोंदवले आहे. ग्रंथातले आचार्य आत्रेय ते स्पष्ट नाकारतात. गर्भिणीला कठोर श्रम नकोत, तिने फिरावे आणि जांभया द्याव्यात, असे ते म्हणतात. कळ नसताना जोर करू नये, तो व्यर्थ जातो आणि अपायही करतो, हाही इशारा तिथे आहे. 1886 मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. मराठी वाचकाला या अभ्यासात परके वाटण्याचे कारण नाही.

कळा सोसण्याबाबत विसाव्या शतकात दोन विचार गाजले. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड म्हणाले की भीतीने अंग आखडते आणि आखडल्याने दुखणे वाढते. पॅरिसच्या फर्नांड लमाझ यांनी श्वासाच्या शिकवणीवर भर दिला. दोघांत तथ्य आहे. पण यावरून ‘तू घाबरतेस म्हणून दुखते’ असे बाईला ऐकवणे हा अन्याय आहे. दुखते ते गर्भाशय काम करते म्हणून. पुढे तिने वेदनाशामक मागितले तर त्यात कमीपणा काही नाही. खात्रीने उपयोगी पडते ते उभे राहणे, चालणे आणि जवळचे माणूस. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंतच्या पहिल्या अवस्थेत आडवे न पडता उभ्याने, बसून, फिरून राहिलेल्या बायकांची ही अवस्था सरासरीने सुमारे एक तास 22 मिनिटांनी कमी झाली, असे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. सतत सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियनचे प्रमाण कमी राहते, हे 2017 च्या अशाच आढाव्याने दाखवले. भारत सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली ती 2016 मध्ये. बाकी घरातल्या जाणत्या बायका सांगतात तेच : हलके खावे, पाणी पीत राहावे, कोमट पाण्याने अंघोळ करावी, कमरेवर तळव्याने दाब द्यावा, श्वास लांब सोडावा, आणि रात्रीची वेळ असेल तर कळांच्या मध्ये झोपून घ्यावे. सगळी ताकद पहिल्याच रात्री खर्चू नये.

काही वेळा मोजणी करायचीच नसते. अंगावरून लाल रक्त जाणे, पाणी जाणे (हिरवट किंवा तपकिरी असेल तर अधिकच तातडीने), बाळाची हालचाल मंदावणे, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, 37 आठवड्यांच्या आत आलेल्या कळा, आधीचे सिझेरियन, बाळ पायाळू किंवा आडवे असल्याचे माहीत असणे : यांपैकी काहीही असेल तर पहिल्या कळेलाच निघावे, आणि कळा नसल्या तरी यांतले कोणतेही लक्षण दिसताच दवाखाना गाठावा. ज्या घरात दिवस भरत आले आहेत त्या घराने ही यादी आजच सर्वांना वाचून दाखवावी, गाडी आणि सोबतीण ठरवून ठेवावी, आणि 102 व 108 हे दोन्ही मोफत क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून घ्यावेत.