परराज्यातील दुचाकीला ‘एमएच २५’ क्रमांक कसा मिळतो?

तुळजापूर : नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी येणाऱ्या वाहनांत ‘केए’, ‘टीएस’, ‘टीजी’ आणि ‘एपी’ क्रमांकाच्या गाड्या मोठ्या संख्येने असतात. दर्शन आटोपले, की ही वाहने आपापल्या राज्यांत परततात. मात्र, याच क्रमांकांच्या काही दुचाकी सीमावर्ती तालुक्यांत वर्षभर फिरताना दिसतात. नोकरीसाठी हैदराबादला गेलेला तरुण गावी परतताना आपली मोटारसायकल सोबत आणतो. कोणी बिदर किंवा कलबुर्गीकडून जुनी गाडी स्वस्तात विकत घेतो. यात्रेकरूच्या गाडीला आणि या गाड्यांना एकच नियम लागू होत नाही. हा फरक माहीत नसल्याने अनेक वाहनधारक अडचणीत येतात.

धाराशिव जिल्ह्याची सीमा कर्नाटकातील बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांना भिडलेली आहे. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. १९५६ मधील राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सारा परिसर हैदराबाद संस्थानाचा, नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. त्यामुळे सीमेपलीकडची सोयरीक, बाजारहाट आणि रोजगार येथे नवे नाहीत. माणसांना ही सीमा जाणवत नाही. वाहनाच्या कागदपत्रांना मात्र ती ओलांडावी लागते.

बारा महिन्यांची मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार कोणत्याही एका राज्यात झालेली वाहनाची नोंदणी संपूर्ण देशात ग्राह्य असते. त्यामुळे केवळ परराज्याचा क्रमांक आहे, एवढ्या कारणाने गाडी बेकायदा ठरत नाही. यात्रेकरू, पर्यटक किंवा काही महिन्यांसाठी आलेला कर्मचारी यांना क्रमांक बदलण्याची गरज नाही.

कलम ४७ मात्र पुढची अट घालते. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेल्यास मालकाने तेथील नोंदणी प्राधिकरणाकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे हा अर्ज बारा महिन्यांची मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत नमुना २७ मध्ये करावा लागतो. विलंब झाल्यास दंड आकारला जातो.

ही मुदत कमी करण्याचा प्रयत्नही झाला आहे. परराज्यातील वाहन ३० दिवसांहून अधिक काळ राहिल्यास आजीवन कर घेण्याची तरतूद कर्नाटकाने २०१४ मध्ये केली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्दबातल ठरवली.

वाहन राज्यात नेमके कधी आले, याचा पुरावा म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नसल्याने टोलची पावती मिळत नाही. गाडी रेल्वेने सोलापूर स्थानकावर आणली असल्यास पार्सलची पावती, तसेच नोकरीतील बदलीचा आदेश किंवा जुन्या ठिकाणचा भाडेकरार जपून ठेवणे हिताचे असते.

पहिली पायरी जुन्या राज्यात

या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा कागद धाराशिवला मिळत नाही. तो वाहनाची मूळ नोंदणी जेथे झाली, त्या कार्यालयाकडून आणावा लागतो. हा कागद म्हणजे नाहरकत प्रमाणपत्र, म्हणजेच ‘एनओसी’. त्यासाठी नमुना २८ मध्ये अर्ज करावा लागतो. केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर या अर्जाची सोय आहे.

प्रमाणपत्र देण्यापूर्वी मूळ कार्यालयाला दोन गोष्टींची खातरजमा करावी लागते. वाहनाच्या चोरीची तक्रार दाखल किंवा प्रलंबित नाही, याचा पोलिसांकडील अहवाल आणि शासनाची सर्व देणी, विशेषतः रस्ता कर, चुकती झाल्याची नोंद. वाहतूक पोलिसांचे थकीत ई-चलन असल्यास अर्ज येथेच अडतो. कर्जावर घेतलेल्या गाडीसाठी वित्तपुरवठादार संस्थेची संमती लागते. कर्ज फिटले असले, तरी नोंदणी पुस्तकावरील बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी नमुना ३५ वेगळा सादर करावा लागतो.

अर्जात वाहन कोणत्या नोंदणी प्राधिकरणाच्या हद्दीत नेणार, हे लिहावे लागते. तुळजापूरकरांचा सोलापूरशी नित्याचा संबंध असला, तरी सोलापूरचा क्रमांक ‘एमएच १३’ आहे. तुळजापूर तालुका धाराशिवच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजेच ‘एमएच २५’च्या कक्षेत येतो. प्रमाणपत्र चुकीच्या कार्यालयाच्या नावाने निघाले, तर ते बदलून आणण्यासाठी पुन्हा जुन्या राज्याची वारी घडते.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कार्यालयाने प्रमाणपत्र द्यावे किंवा कारणासह नाकारावे, असे कलम ४८ सांगते. या मुदतीत नकार कळवला गेला नाही, तर प्रमाणपत्र दिले गेल्याचे मानले जाते. अशा वेळी अर्जाची पोच आणि ‘नकार कळवण्यात आलेला नाही’ असे घोषणापत्र जोडून नव्या राज्यात अर्ज करता येतो. ही तरतूद फारच थोड्या वाहनधारकांना ठाऊक असते. पोचपावती जपून ठेवण्याचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते.

करावरून होणारा गोंधळ

‘हैदराबादला आजीवन कर भरला, आता पुन्हा कसला?’ हा या प्रक्रियेत हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. वाहन कर हा राज्याचा विषय आहे. आजीवन कर भरला, याचा अर्थ त्या राज्यापुरता भरला, असा होतो. वाहन महाराष्ट्रात कायमचे आले, की येथील कर लागू होतो.

महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर इंजिनाच्या क्षमतेनुसार वाहनाच्या किमतीच्या टक्केवारीत आकारला जातो. २०१७ मध्ये हे दर आठ ते दहा टक्क्यांवरून दहा ते बारा टक्के करण्यात आले. परराज्यातून आलेल्या जुन्या वाहनाला मात्र नव्या गाडीइतका पूर्ण कर द्यावा लागत नाही. वाहनाचे वय जितके अधिक, तितकी रक्कम कमी होते. त्यासाठी मूळ खरेदीचे बिल आवश्यक असते.

जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो. मात्र तो जुन्या राज्याकडेच, तेथील नियमांप्रमाणे आणि सामान्यतः नव्या राज्यातील नोंदणीचा पुरावा दाखवूनच मागावा लागतो. म्हणजे आधी येथे पैसे भरायचे आणि नंतर तेथे मागायचे, असा हा क्रम आहे.

धाराशिवच्या कार्यालयात

नमुना २७ मधील अर्जासोबत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, नाहरकत प्रमाणपत्र, चालू विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, तुळजापूरच्या पत्त्याचा पुरावा आणि कर भरल्याची पावती लागते. खासगी दुचाकीच्या नोंदणीचे आणि नव्या क्रमांकाचे शुल्क केंद्रीय नियमांनुसार ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्डाचे शुल्क वेगळे. मोठा खर्च शुल्काचा नसून कराचा असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

त्यानंतर गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहतात. गंजामुळे चासी क्रमांक वाचता न येणे किंवा इंजिन बदलल्याची नोंद नसणे, या कारणांनी अर्ज रखडू शकतो. तपासणीपूर्वी गॅरेजमध्ये चासी क्रमांकाची जागा स्वच्छ करून घेतलेली बरी. नवा क्रमांक मिळाल्यावर त्याची उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळवणे आवश्यक असते. अन्यथा दाव्याच्या वेळी वाद उद्भवतो.

स्वस्त गाडीचा महाग सौदा

स्वतःची गाडी आणणाऱ्यापेक्षा सीमेपलीकडून जुनी गाडी विकत घेणाऱ्याची जोखीम मोठी असते. नोंदणी पुस्तक हाती आले, सही केलेले नमुना २९ आणि ३० मिळाले, म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, असा समज आहे. प्रत्यक्षात कलम ५० नुसार परराज्यातील वाहनाच्या विक्रीनंतर विक्रेत्याने ४५ दिवसांच्या आत नाहरकत प्रमाणपत्र अथवा त्याच्या अर्जाची पोच सादर करायची असते. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. प्रमाणपत्राविना घेतलेली गाडी नव्या मालकाच्या नावावर होत नाही. मूळ मालकाचा पत्ता बदलला किंवा त्याने फोन उचलणे बंद केले, तर अशी गाडी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर धावते.

यात विक्रेताही सुरक्षित नसतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात ही बाब स्पष्ट केली. त्या प्रकरणात वाहन विकल्यानंतर पुढे आणखी काही जणांच्या हाती गेले होते. तरीही अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव होते, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईस जबाबदार, असे न्यायालयाने ठरवले. अपघातात जखमी झालेल्याने प्रत्येक हस्तांतराचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही. बिदरच्या विक्रेत्याला आणि तुळजापूरच्या खरेदीदाराला हा निकाल सारखाच लागू पडतो.

‘बीएच’ मालिकेचा पर्याय

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू केली. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारे आणि सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात. या मालिकेत कर एकरकमी न भरता दोन वर्षांच्या टप्प्यांत भरता येतो आणि राज्य बदलल्यावर क्रमांक बदलावा लागत नाही. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीनंतर आधी नोंदलेली वाहनेही या मालिकेत आणता येतात. शेतकरी, व्यापारी किंवा लहान आस्थापनेतील कामगार यांना मात्र हा पर्याय उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी नाहरकत प्रमाणपत्राचाच मार्ग उरतो.

परदेशातील गाडी असेल तर

परदेशातून परतणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे. वापरलेले वाहन भारतात आणायचे, तर ते तीन वर्षांपेक्षा जुने चालत नाही आणि ते मुंबई बंदरातूनच आणावे लागते. भारी सीमाशुल्क भरून ‘बिल ऑफ एन्ट्री’ हाती आल्यावरच परिवहन कार्यालयात नोंदणी होते. आयात मोटारसायकलीचे नोंदणी शुल्कही साध्या दुचाकीच्या ३०० रुपयांऐवजी २,५०० रुपये आहे.

युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात कायमचे राहायला गेल्यास वाहनाची नव्या देशात नोंदणी करावी लागते. त्यासाठी साधारण सहा महिन्यांची मर्यादा मानली जाते. काही देशांत ती याहून कमी आहे. तेथे उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र दाखवले, की तांत्रिक बाबींचा बराचसा निपटारा होतो. म्हणजे सीमा देशांची असो वा राज्यांची, तत्त्व एकच आहे. वाहनाचा क्रमांक मालकाच्या मुक्कामामागे जातो.

निघण्यापूर्वी हे करा

तुळजापूरला परतण्याचे ठरले, की सामान बांधण्याआधी थकीत चलने भरावीत, कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवावा आणि धाराशिव कार्यालयाच्या नावाने नाहरकत प्रमाणपत्राचा अर्ज करावा. ‘वाहन’ प्रणालीत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे का, हेही पाहावे. कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. जुन्या शहरात राहत असताना जे काम कार्यालयाच्या एका-दोन फेऱ्यांत होते, त्यासाठी गावी आल्यानंतर शेकडो किलोमीटरचा प्रवास आणि बुडालेली मजुरी मोजावी लागते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.