दमिश्कचा वाली

मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर एक संदेश उतरवून आणला होता. घरच्या मोबाईलवर आलेला. मुसलमानांना त्यांचा कुरआन सांगतो की दुसऱ्या धर्माच्या लोकांशी दोस्ती करू नका, असा त्याचा मतलब. खाली सूरह आणि आयतीचा क्रमांकही दिलेला, 5:51. "सर, हे खरं आहे का?" तिची शिकवणीतली जिवलग मैत्रीण मुसलमान नाही. प्रश्न त्यातूनच आला होता.

मी भाषेचा मास्तर, त्यामुळे आधी शब्द धरला. आयतीत शब्द आहे 'औलिया', 'वली'चं अनेकवचन. उर्दू तर्जुम्यांत त्याचा कुठे 'दोस्त' होतो, कुठे 'रफीक'. मराठीत येईपर्यंत त्याचा 'मित्र' झालेला असतो. पण निकाहात मुलीचा वली असतो तो तिचा मित्र असतो का? तो तिचा पालक, तिच्या वतीनं उभा राहणारा. मराठीत हेच घराणं दोन वाटांनी आलं आहे. एक 'अवलिया', आणि दुसरा 'वाली'. "गरिबाला कुणी वाली नाही" म्हणताना आपण अरबी बोलतोय हे कुणाच्या ध्यानातही नसतं. ती आयत मदिनेतल्या लढाईच्या काळातली आहे. आपल्या जमातीच्या रक्षणाची दोरी कुणाच्या हाती द्यायची, हा तिथला सवाल. कुणाबरोबर डबा खायचा, हा नाही. आणि त्याच कुरआनात सूरह मुम्तहिनामध्ये साफ सांगितलं आहे की, ज्यांनी धर्मापायी तुमच्याशी लढाई केली नाही, तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलाईनं आणि इन्साफानं वागायला अल्लाह मना करत नाही.

मुलीचं समाधान झालं. माझं झालं नाही. शब्दकोशानं माणसं सुधारली असती तर अरबी मातृभाषा असलेल्या शहरांत कधी दंगलच झाली नसती. तिथे मध्ये तर्जुमा नव्हता, चुकीचा संदेश नव्हता. तरी 1860 च्या जुलैत दमास्कसमध्ये, आपल्या उर्दूतल्या दमिश्कमध्ये, जे झालं ते झालं.

या दंगलीची गोष्ट आपल्याकडे अर्धीच सांगितली जाते. जलशात सांगतात ती अमीर अब्दुलकादिर यांची, ज्यांनी हजारो ख्रिश्चनांचे प्राण वाचवले. टाळ्या पडतात, 'सुब्हानल्लाह' होतं. वाचवले, पण कुणापासून? त्यावर वक्ता पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूचे लोक फक्त ती कत्तल सांगतात आणि अमीरांचं नाव गिळतात. दोघांनी मिळून एक गोष्ट फाडून वाटून घेतली आहे.

उस्मानी सुलतानानं 1856 मध्ये फर्मान काढून मुसलमान आणि बिगर-मुसलमान प्रजा बरोबरीची ठरवली. जिझिया गेला, त्याच्या जागी लष्करी नोकरीच्या बदल्यात द्यायचा कर आला. दमास्कसच्या ख्रिश्चनांनी तो भरायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, बरोबरी दिली आहे तर नाव बदलून तोच कर कशाला? दरम्यान युरोपचं कापड बाजारात शिरलं होतं आणि इथले विणकर बसले होते. युरोपीय वकिलातींच्या आडोशानं व्यापार करणारी काही ख्रिश्चन घराणी मात्र वर येत होती. शेजारच्या लेबनॉनच्या डोंगरात त्या उन्हाळ्यात द्रुझ आणि मॅरोनाइट यांच्यात भयंकर युद्ध झालं आणि तिथले निर्वासित दमास्कसच्या गल्ल्यांत येऊन पडले.

अशा वेळी काही मुसलमान पोरांनी रस्त्यावर क्रूस काढले, येणाऱ्या-जाणाऱ्या ख्रिश्चनांना ते तुडवावे लागावेत म्हणून. सरकारनं पोरांना पकडलं आणि 9 जुलैला बेड्या घालून ख्रिश्चन मोहल्ल्याचे रस्ते झाडायला पाठवलं. बाजारातून ती वरात निघाली. दुकानं पटापट बंद झाली, जमाव जमला, आणि बाब तूमा या मोहल्ल्यावर चालून गेला. पुढचा आठवडाभर लूट, जाळपोळ, कत्तल. मेले ते हजारांत. आकड्यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. त्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंना आणि त्यांच्याबरोबरच्या तिघा मॅरोनाइट भावांना पोपनी 2024 च्या ऑक्टोबरात संतपद दिलं. म्हणजे ती जखम अजून मोजली जाते आहे.

हे धर्मामुळे झालं का? एक गोष्ट इथे अडते. त्याच शहरात यहुद्यांचा मोहल्ला होता, तो कुणी लुटला नाही. मैदान या भागात गरीब ख्रिश्चन राहत होते, त्यांना तिथल्या मुसलमान शेजाऱ्यांनी हात लावू दिला नाही. पेटला तो मुख्यतः श्रीमंत बाब तूमा. 'दुसऱ्या धर्माचे' एवढंच कारण असतं तर आग अशी घरं निवडत फिरली नसती.

पण एवढ्यावर धर्माला सोडून देणं मला पटत नाही. आमच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांची ही आवडती पळवाट आहे: ते सगळं पोटाचं राजकारण, धर्माचा काय संबंध? संबंध होता. विणकराचं पोट रिकामं होतं हे खरं, पण तो घोषणा पोटाच्या देत नव्हता. जमावात म्हटलं जात होतं ते असं, की ख्रिश्चनांनी कर नाकारला, बरोबरी मागितली, म्हणजे जिम्म्याचा करार त्यांनीच मोडला. आता त्यांच्या जान-मालाची हमी संपली. हे फिक्हचं बोलणं आहे, आपल्याच ग्रंथांतलं. 'ते खरे मुसलमान नव्हतेच' असं म्हणून त्यांना दाराबाहेर काढायचं असेल तर अमीरांवरही हक्क सांगू नये. दोघंही एकाच मशिदीत नमाज पढत होते.

आता अमीरांकडे येऊ. जन्म 1808, अल्जीरियातला. कादिरी सिलसिल्याच्या घरातला. फ्रेंचांनी 1830 मध्ये देश घेतला आणि 1832 मध्ये चोविसाव्या वर्षी या तरुणाला अमीर निवडलं गेलं. पंधरा वर्षं लढले. त्या लढाईत फ्रेंचांनी काय केलं? 1845 मध्ये दहराच्या गुहेत आसऱ्याला गेलेल्या एका अख्ख्या टोळीला, बायकामुलांसकट, तोंडाशी आग लावून धुरानं मारलं. अमीरांनी मात्र आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याला नव्हे, जिवंत कैदी आणणाऱ्याला बक्षीस मिळेल. त्यांच्या छावणीवरही डाग आहे. 1846 मध्ये ते नसताना त्यांच्या माणसांनी फ्रेंच कैद्यांची कत्तल केली. तोही सांगितला पाहिजे.

1847 च्या डिसेंबरात त्यांनी शस्त्रं ठेवली, पूर्वेकडे जाऊ देऊ या वचनावर. फ्रान्सनं वचन मोडलं आणि जवळजवळ पाच वर्षं कैदेत ठेवलं. ॲम्बॉइसच्या किल्ल्यात त्यांच्या गोतावळ्यातली माणसं एकामागून एक मेली. तिथे त्यांच्या कबरी आहेत. सुटल्यावर आधी बुरसा, मग 1855 पासून दमास्कस. तिथे ते उमय्या मशिदीत शिकवत आणि इब्न अरबींचे ग्रंथ वाचत. सांगायचा मुद्दा असा की ख्रिश्चनांचा द्वेष करायला त्या शहरात सगळ्यांत जास्त कारण कुणाला होतं, तर याच माणसाला. विणकराचा धंदा बुडाला होता. यांचा मुलूख गेला होता.

दंगलीचा वास लागताच ते पुन्हा पुन्हा सुभेदार अहमद पाशाकडे गेले, उलेमांना भेटले. फ्रेंच वकिलातीच्या पैशानं आपल्या अल्जीरियन माणसांसाठी हत्यारं घेतली. (काही जण यावरून त्यांना फ्रेंचांचा माणूस म्हणतात. फ्रान्सकडून तनखा मिळत होता हे खरं आहे. पण तनखा राजाकडून घेणं आणि जमावासमोर छाती काढणं यांत फरक आहे. दुसरं पैशानं होत नाही.) 9 जुलैला त्यांची माणसं गल्ल्यांत शिरली आणि मिळेल त्याला घेऊन परत येऊ लागली. हवेली भरली. जमाव दाराशी येऊन 'ख्रिश्चन आमच्या हवाली करा' म्हणू लागला. अमीरांनी त्यांना सुनावलं, तुम्ही दीनाला काळिमा लावताय. माझा एक माणूस उभा आहे तोवर यातला एकही मिळणार नाही. मग आश्रितांना पहाऱ्यात किल्ल्यात पोचवून हवेली पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरायला. जिवंत आणून सोपवलेल्या प्रत्येक ख्रिश्चनामागे पन्नास पियास्तर जाहीर केले. गुहेच्या दिवसांतला जुनाच हिशेब.

डॉक्टर मिखाईल मिशाका हे दमास्कसचे ख्रिश्चन विद्वान, अमेरिकेचे उपवकील. जमावानं त्यांना रस्त्यात जखमी केलं, ते वाचले ते मुसलमान ओळखीच्यांमुळे आणि अमीरांच्या आसऱ्यामुळे. पुढे त्यांनी त्या दिवसांचा इतिहास लिहिला. त्यात मारणारेही मुसलमान आहेत आणि वाचवणारेही. मिशाकांनी एकाला दुसऱ्यामागे लपवलं नाही. आपल्याला ते का जमू नये, कळत नाही.

अमीर एकटे नव्हते. मैदानातले सालेह आगा महायनी होते. महमूद हमजा नावाचे आलिम होते, ते पुढे शहराचे मुफ्ती झाले. आणि ज्यांची नावं कुठेच आली नाहीत असे कितीतरी शेजारी, ज्यांनी रात्री एखादं कुटुंब धान्याच्या कोठीत लपवलं असेल. बक्षिसं अमीरांना मिळाली: फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान, पोपकडून पदक, रशिया, प्रशिया, ग्रीसकडून मानचिन्हं. युरोपला एक 'चांगला मुसलमान' हवाच होता.

आणि अहमद पाशा? त्यांच्याकडे फौज होती. तिनं काही केलं नाही, उलट काही शिपाई लुटीत सामील झाले. सुलतानानं पाठवलेल्या फुआद पाशांनी दंगलखोरांपैकी शंभराहून अधिकांना मृत्युदंड दिला, काही बड्या उलेमांना आणि प्रतिष्ठितांना हद्दपार केलं आणि अहमद पाशाला गोळ्या घातल्या. सुभेदाराला उस्मानी राज्यात 'वाली' म्हणत. त्याच धातूतून आलेला शब्द.

अमीरांना आलेल्या पत्रांत एक कॉकेशसच्या इमाम शामिल यांचं होतं. तेही तीन दशकांच्या आसपास ख्रिश्चन साम्राज्याशी, रशियाशी लढलेले आणि 1859 मध्ये पकडले गेलेले. पत्र लिहिलं तेव्हा कैदेतच होते. त्यांनी अमीरांची तारीफ केली. उत्तरात अमीरांनी खंत लिहिली: हक्काच्या बाजूनं उभी राहणारी माणसं आज किती थोडी, आणि सक्ती, कठोरपणा म्हणजेच इस्लाम असं समजणारे अडाणी किती. अल्जीअर्सच्या बिशपला लिहिलं की जे केलं ते शरियतीनं आणि माणुसकीच्या हक्कानं माझ्यावर बंधनकारकच होतं. म्हणजे आभार मानू नका, मी माझं काम केलं.

त्या मुलीला हे सगळं मी पुढच्या तासाला सांगितलं, कत्तलीसकट. मैदानातल्या शेजाऱ्यांची नावं तिनं विचारली. एक सोडलं तर मला सांगता आली नाहीत.