पोरांना पुण्याची नहर दाखवू या

सुट्टीत पोरांना एक दिवस कुठं न्यावं, असं गटाच्या बैठकीत बऱ्याचजणी विचारतात. मी म्हणते, पुण्याला न्या आणि पाण्याची वाट दाखवा.

1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला. तिथून जमिनीखालून नहर काढून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. ना मोटर, ना वीज. नुसत्या उतारानं पाणी शहरात यायचं. हवा खेळावी, सफाई करता यावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले होते. शहरात हौद भरायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत.

सकाळीच भाकरी बांधून चाकणहून निघा. आधी कात्रजचा तलाव बघा, मग शनिवारवाडा. एवढ्या लांब पाणी कसं आलं असेल, हे पोरांनाच विचारा.

शेवटी गंज पेठेतला महात्मा फुले वाडा चुकवू नका. शहरात पाणी होतं, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर शिवू देत नसत. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. तोवर नहर होऊन शंभरावर वर्षं उलटली होती!

पाणी गावात आणणं वेगळं आणि ते प्रत्येकीच्या हंड्यात पडणं वेगळं. घरी आल्यावर पोरांना एक काम द्या: आपल्या वस्तीत पाणी कुठून येतं आणि शेवटच्या घराला ते मिळतं का, हे विचारून यायचं. त्यांनी आणलेलं उत्तर पुढच्या बैठकीत मांडू.