पांडुरंग नावाचं राज्य आणि आपलं शके ९८२

सध्या अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगर पट्ट्यात व्हिएतनामची लाट आहे. पूर्वी जो तो थायलंड नाहीतर दुबई करून यायचा. २०२२ मध्ये मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान सुरू झालं, साधारण पाच तासांचा प्रवास, ई-व्हिसा घरबसल्या. त्यात कंपन्यांच्या डीलर टूर. रंग, केबल, पंप, बेअरिंग, काहीही विकणारा माणूस टार्गेट पूर्ण झालं की व्हिएतनाम. आपल्या एमआयडीसीतल्या अर्ध्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर तो दगडी दिसणाऱ्या हातांनी धरलेला सोनेरी पूल येऊन गेला असेल.

मीही याच लाटेत गेलो. आनंदनगर एमआयडीसीत माझं बेअरिंग आणि व्ही-बेल्टचं छोटं दुकान आहे, त्यातूनच टूर लागली. हो ची मिन्ह सिटी, दानांग, होई आन, हनोई. पण आज प्रवासवर्णन लिहीत नाहीये. तिथे जे पाहिलं त्यावरून आपल्या गावाबद्दल काही बोलायचं आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

दानांगमध्ये नदीकाठी चाम शिल्पांचं संग्रहालय आहे. फ्रेंच काळातलं, १९१९ मध्ये उघडलेलं. आमच्या टूरच्या यादीत ते नव्हतं. दुपार मोकळी होती म्हणून आम्ही चौघे गेलो. आत पाऊल टाकलं की शिव, गणपती, गरुड, नंदी. शिल्पांची घडण आपल्यासारखी नाही. चेहरे रुंद, ओठ जाड, गणपती जरा वेगळाच. तरी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही.

हे चंपा नावाच्या राज्याचं. आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चाम लोकांची ही राज्यं हजार-दीड हजार वर्षं होती. एक राज्य म्हणण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या संस्थानांची माळ म्हणा. त्यांची नावं वाचा: इंद्रपूर, अमरावती, विजय, कौठार आणि सगळ्यात दक्षिणेला पांडुरंग.

होय, पांडुरंग. आजचं फान रांग शहर, म्हणजे त्या पांडुरंगाचंच घासून उरलेलं नाव. आमच्यातला एकजण, दर आषाढीला पंढरपूरला जाणारा, त्या नावाशी बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "विठोबा इथेही?" विठोबाचा काही संबंध नाही. ही शिवभक्तांची भूमी. फान रांगला पो क्लाँग गराई नावाचं जुनं मंदिर आहे, दारावर नाचणारा शिव आणि आत मुखलिंग. पण नाव ऐकल्यावर आपल्या माणसाच्या पोटात काहीतरी हलतं, हे खरं. चंपाची बाकी संस्थानं एकेक करून पडली. विजय १४७१ मध्ये उत्तरेच्या दाइ व्हिएतने जिंकलं. पांडुरंग सगळ्यात शेवटी, १८३२ मध्ये सम्राट मिन्ह मांगने खालसा केलं. म्हणजे इकडे पेशवाई बुडून चौदा वर्षं झाली, तोवर तिकडे पांडुरंग नावाचं राज्य कसंबसं का होईना, टिकून होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळी गाडी करून मीसनला गेलो. होई आनपासून तासाभराचा रस्ता. बरोबर मलेशियाचं एक जोडपं होतं, केलांतानकडचं. आमच्या टूरवाल्याने 'बा ना हिल्स सोडून पडकी देवळं कशाला' म्हणून तोंड वाकडं केलं होतं. हे दोघे मात्र खास चाम लोकांसाठी आलेले. हो ची मिन्ह सिटीत बेन थान मार्केटजवळ एक हलाल खाण्याची गल्ली आहे. तिथे चाम मुसलमानांची दुकानं आहेत, मलेशियन पर्यटकांची झुंबड असते आणि दुकानदार सरळ मलय बोलतात. चाम आणि मलय या एकाच भाषाकुळातल्या. बाई बोटांवर मोजून सांगत होत्या: दोनला आम्ही दुआ, तेही दुआ. पाचला लिमा, तेही लिमा. आकाशाला लांगित, ते लांगिक. विजयच्या पाडावानंतर काही चाम मलाक्काला गेले, अशी त्यांच्याकडच्या जुन्या बखरीतही कथा आहे. म्हणजे ते दोघे तिथे भाषेचं नातं शोधत आले होते, आम्ही देवळाचं. मध्येच 'नगर' हा शब्द निघाला. मलयमध्ये नगारा, चाममध्ये नगर, आपल्याकडे तर उल्हासनगर. गाडीत सगळे हसले.

आता मीसन. डोंगरांनी वेढलेलं खोरं, मधून ओढा. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे शिवाचं मंदिर बांधलं आणि देवाचं नाव ठेवलं भद्रेश्वर. राजाच्या नावापुढे ईश्वर, ही पद्धत आपल्यालाही ओळखीची. ते लाकडी मंदिर जळालं, सातव्या शतकात शंभुवर्मनने पुन्हा बांधलं, देव झाला शंभुभद्रेश्वर. पुढे प्रत्येक राजाने काही ना काही भर घातली. सत्तरहून जास्त वास्तू झाल्या. सगळ्या विटांच्या. विटा अशा घट्ट बसवलेल्या की मधला चुना दिसतच नाही. झाडाचा डिंक वापरला असावा असं अभ्यासक म्हणतात. कोरीवकाम भिंत उभी राहिल्यावर विटांवरच केलेलं.

१८९८ मध्ये फ्रेंचांना ही जागा सापडली. १९०३-०४ मध्ये आंरी पार्मांतिए यांनी उत्खनन केलं, लुई फिनो यांनी शिलालेख वाचले. मग युद्ध आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत तिथलं सगळ्यात उंच आणि सगळ्यात देखणं मंदिर जमीनदोस्त झालं. फिलिप स्टर्न या फ्रेंच अभ्यासकाने थेट राष्ट्राध्यक्ष निक्सनकडे निषेध नोंदवला. बॉम्बचे खड्डे आजही आहेत. बुजवलेले नाहीत. गवत उगवलंय, शेजारी पाटी आहे.

युद्ध संपल्यावर १९८० च्या दशकात काझिमिएर्झ क्वियात्कोव्स्की हा पोलंडचा वास्तुतज्ज्ञ तिथे आला. लोक त्याला काझिक म्हणत. आजूबाजूला न फुटलेले सुरुंग, जंगल, मलेरिया. त्यात त्याने वर्षानुवर्षं काढली. १९९७ मध्ये तो व्हिएतनाममध्येच, ह्युए शहरात वारला. होई आनमध्ये त्याचं स्मारक आहे. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, मीसन जागतिक वारसा यादीत गेलं.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट: २०१७ पासून पुढची काही वर्षं मीसनच्या अ, ह आणि क या तीन समूहांची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केली. २०२० च्या मे महिन्यात, इकडे आपण लॉकडाऊनमध्ये घरात बसलो होतो तेव्हा, या कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग निघालं. बॉम्बने उद्ध्वस्त केलेल्या त्याच अ समूहात. दुरुस्तीतही खोटेपणा नाही. जिथे मूळ वीट आहे तिथे मूळ, जिथे नवी आहे तिथे नवी ओळखू येते. पडलं ते पडलं म्हणूनच दाखवलंय.

परतताना आमच्या गटात नेहमीची चर्चा सुरू झाली. 'हे सगळं आपलंच होतं. आपले राजे इथपर्यंत आले होते.' शंभर वर्षांपूर्वी आपले मोठे इतिहासकारही असंच लिहीत. रमेशचंद्र मजुमदार यांनी १९२७ मध्ये चंपावर ग्रंथ लिहिला आणि त्याला भारताची वसाहत म्हटलं. तेव्हा आपण स्वतः इंग्रजांची वसाहत होतो, म्हणून कधीकाळी आपलीही वसाहत होती हे मनाला बरं वाटत होतं. पण पुरावा तसं सांगत नाही. भारतातल्या कुठल्या राजाने फौज नेऊन चंपा जिंकल्याची नोंद नाही. चाम लोक मूळचे दर्यावर्दी. व्यापाराच्या वाटेने त्यांना संस्कृत, लिपी आणि शिव भेटला, त्यांनी तो स्वतःहून घेतला आणि स्वतःचा केला. त्यांच्या भाषेतला सगळ्यात जुना लेख चौथ्या शतकाच्या आसपासचा आहे. लिपी भारतीय वळणाची, शब्द त्यांचे. मराठीतला पहिला शिलालेख कधीचा यावर आपण अजून वाद घालतो, तो त्याच्या कितीतरी नंतरचा.

व्हिएतनाममध्ये आज पावणेदोन लाखांच्या आसपास चाम आहेत. त्यातले काही अजूनही शिवाची पूजा करतात, काते नावाचा सण करतात. म्हणजे देव 'आपला' असेल, पण देऊळ त्यांचं आहे. आणि गंमत बघा, ते सांभाळतंय कोण? ज्यांनी चंपा जिंकली त्यांचेच वारस. त्याला फ्रेंचांचं वाचन, पोलंडचा माणूस आणि भारताचे कारागीर यांची मदत.

आता घरी येऊ.

आपलं शिवमंदिर. पाहुण्यांना आपण काय सांगतो? 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं.' जरा शिकलेला असेल तर 'हेमाडपंती आहे.' दोन्ही चूक. मंदिरावर शिलालेख आहे, त्यात साल आहे: शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातलं. त्याचा भाऊ छित्तराज याने काम सुरू केलं असं मानतात. हेमाद्री पंडित झाला तेराव्या शतकात, मंदिरानंतर दोनशे वर्षांनी. शिखराची शैली भूमिज, माळव्यातून दक्षिणेकडे आलेली. आणि या शैलीतल्या मंदिरांत इतकं नेमकं साल हाती असलेलं मंदिर विरळा, म्हणून देशभरच्या अभ्यासकांना अंबरनाथ ठाऊक असतं. आपल्याला नसतं.

आणखी एक जोड लावून बघा. आपलं मंदिर १०६० चं. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांतच तिकडे हरिवर्मन नावाचा राजा युद्धात पडझड झालेलं मीसन दुरुस्त करत होता. एकाच पिढीत, समुद्राच्या दोन टोकांना, एकाच देवाची दोन कामं चालू. इकडे काळा बेसॉल्ट, तिकडे लाल वीट. इकडे पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, तिकडे चढून. माझ्या मते व्हिएतनामला जाण्याआधी प्रत्येक अंबरनाथकराने हे माहीत करून घ्यावं. तिकडे बघताना मजा दुप्पट होते.

पण मला खरी टोचणी लागली ती ओढ्यापाशी. मीसनचा ओढा स्वच्छ आहे. आपल्या मंदिराला लागून वालधुनी वाहते. काकोळेच्या डोंगरातून निघते तेव्हा तीही स्वच्छच असते. पुढे आपण तिचं काय करतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पाण्याला रंग असतो, वास असतो. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस याच नदीत टँकरने रसायन ओतल्यामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. २०१५ मध्ये 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिका, एमआयडीसी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. नदी आहे तिथेच आहे.

मी एमआयडीसीच्या विरोधात नाही. माझं घर तिच्यावर चालतं, तुमच्यातल्या बहुतेकांचंही. पण कायदा बघा काय म्हणतो. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते. हा नियम भिंती मोजतो. दोन-तीन किलोमीटर वरून सोडलेलं पाणी मंदिराला घासून जातं, त्याची मोजणी यात नाही. ती मोजणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, एमआयडीसीची, पालिकेची आणि शेवटी आपली.

सध्या मंदिर परिसराच्या सुशोभीकरणाचं मोठं काम हाती घेतलं आहे. घाट, चौक, दिवे, सगळं व्हावं. फक्त घाटावर बसल्यावर नाकाला रुमाल लावावा लागणार असेल, तर त्या घाटाचा उपयोग काय, हा प्रश्न प्रत्येक नागरिकाने विचारला पाहिजे. पक्ष कुठलाही असो.

म्हणून माझ्या तीन मागण्या, अगदी साध्या.

एक, १०६० हे साल आपल्या गावातल्या प्रत्येक शाळेतल्या मुलाला पाठ असलं पाहिजे. पालिकेच्या शाळांची एक सहल महाशिवरात्रीची गर्दी सोडून, साध्या दिवशी, मंदिरात न्या.

दोन, शिलालेखाचं वाचन आणि त्याचा सोप्या मराठीत अर्थ मंदिराबाहेर मोठ्या अक्षरांत लावा. पुरातत्त्व विभागाने दानांगजवळ जे केलं ते अंबरनाथ स्टेशनपासून दोन किलोमीटरवर करायला हरकत नसावी.

तीन, सुशोभीकरणाच्या कामात नदीच्या पाण्याची तपासणी जोडा आणि तिचे आकडे दर महिन्याला मंदिराच्या फाटकावर लावा. विमानाची वेळ बोर्डावर दिसते, तसं पाणीही दिसू दे.

आणि एक विनंती तुम्हाला. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्याआधीची वालधुनी ज्यांनी पाहिली, तिच्यात पोहले, मासे पकडले, मंदिरात जाण्याआधी तिच्यात पाय धुतले, अशी माणसं आपल्यात अजून आहेत. आजी-आजोबांना विचारा. त्यांनी सांगितलेलं आणि घरात जुना फोटो असेल तर तोही कमेंटमध्ये टाका. चंपाचा इतिहास दगडावर लिहिलेला होता म्हणून वाचता आला. आपल्या नदीचा अजून माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत.