कुशल आरोग्य कर्मचाऱ्यांना सेवेत टिकविण्याचा प्रश्न : भोर समिती ते जंगलवाला समिती (१९४३ ते १९६७)

प्रस्तावना :

भारतातील आरोग्यसेवेच्या इतिहासात साथीचे रोग, रुग्णालये व वैद्यकीय शिक्षण यांविषयी बरेच लेखन झाले आहे. त्या मानाने प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या नोकरीचा इतिहास उपेक्षित राहिला. कुशल मनुष्यबळ घडविणे हा एक प्रश्न आहे आणि ते जेथे गरज आहे तेथे टिकविणे हा दुसरा. स्वतंत्र भारताच्या आरोग्य नियोजनात पहिल्या प्रश्नाला जे महत्त्व मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पदवीधर आणि लायसेन्शिएट :

ब्रिटिश अमदानीत डॉक्टरांचे दोन वर्ग होते. १८४५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजसारख्या संस्थांतून पुढे विद्यापीठाचे पदवीधर बाहेर पडू लागले. याच्या जोडीला पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून कमी मुदतीचा व कमी खर्चाचा अभ्यासक्रम शिकविला जात असे. १९१२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही पदविका याच वर्गातील होय.

१९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. या पार्श्वभूमीवर १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला आणि १९३६ मध्ये मान्यता पूर्ववत झाली. या कायद्याच्या कक्षेत फक्त पदवीधर होते. लायसेन्शिएट डॉक्टरांना वगळण्यात आले. म्हणजेच वैद्यकीय पात्रतेचे मोजमाप ठरविताना परदेशातील मान्यतेचा विचार निर्णायक ठरला होता.

भोर समितीचा निर्णय :

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९४३ मध्ये नेमली गेली व तिचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी २९,८७०, म्हणजे सुमारे ६३ टक्के, लायसेन्शिएट होते. साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका अशी स्थिती होती. तरीही समितीने लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकच पदवीधर ‘मूलभूत डॉक्टर’ घडविण्याची शिफारस केली. काही सदस्यांनी याविषयी भिन्नमत नोंदविले. पुण्याच्या स्कूलचे त्याच वर्षी महाविद्यालयात रूपांतर झाले.

या निर्णयामागील समतेचा हेतू नाकारता येत नाही. लायसेन्शिएटांच्या माथी मारलेला कनिष्ठत्वाचा शिक्का अन्यायकारकच होता आणि खेड्यातील रुग्णाला कमी शिकलेला डॉक्टर का, हा प्रश्नही रास्त होता. मात्र, नव्या पदवीधराने ग्रामीण केंद्रात का राहावे, याचे पुरेसे उत्तर व्यवस्थेजवळ नव्हते. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिला डॉक्टरांची गरज होती. भारतीय पदव्यांना तेथे १९७५ पर्यंत मान्यता होती. इकडे १९५२ पासून समूह विकास कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. एकाच पदवीने मुंबई, लंडन आणि आडगावचे केंद्र असे तीन मार्ग खुले केले. त्यांतील तिसरा मार्ग सर्वांत खडतर होता.

सेवाशर्तींचा विचार :

परिचारिकांचे वेतन व सेवाशर्ती यांच्या विचारासाठी १९५४ मध्ये शेट्टी समिती नेमावी लागली, यावरून हा प्रश्न केवळ डॉक्टरांपुरता नव्हता हे स्पष्ट होते. पुढे डॉ. जंगलवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६७ मध्ये आपला अहवाल दिला. तिचा मुख्य विषय आरोग्यसेवांचे एकात्मीकरण हा होता. तथापि एकसंध संवर्ग, सामाईक सेवाज्येष्ठता, अतिरिक्त अर्हतेची दखल, समान कामास समान वेतन, विशेष कामास विशेष वेतन, खाजगी व्यवसायास बंदी आणि सुधारित सेवाशर्ती या तिच्या शिफारशी प्रत्यक्षात कर्मचारी टिकविण्याचाच आराखडा होता. बंदी आणि मोबदला यांची सांगड घालणे हे या अहवालाचे वैशिष्ट्य मानावे लागेल. एकात्मीकरणाची नेमकी पद्धत मात्र राज्यांवर सोपविली गेली.

निष्कर्ष :

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात मोठ्या प्रमाणावर कंत्राटी नेमणुका झाल्या. ज्या सेवेत उद्याची शाश्वती नाही, त्या सेवेत कुशल व्यक्ती रमणे कठीण असते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मर्यादित अधिकार असलेल्या ‘सामुदायिक आरोग्य सेवादात्या’ची तरतूद केली, तेव्हा १९४६ चाच वाद नव्या स्वरूपात उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश, आर्थिक प्रोत्साहन, निवास आणि व्यावसायिक पाठबळ यांचा एकत्रित विचार आढळतो. जंगलवाला समितीची दिशा याहून फार वेगळी नव्हती.

सारांश, पदवीची प्रत उंचावल्याने किंवा केवळ बंधपत्र लिहून घेतल्याने कर्मचारी टिकत नाही. वेतन, बढती, निवास व प्रतिष्ठा यांची हमी मिळते तेथे तो टिकतो. मनुष्यबळाच्या संख्येचे हिशेब मांडताना नियोजनकर्त्यांनी या हमीचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.