फ्रीज टिकटिक करून राह्यला

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. शुक्रवारी रात्री राळेगावहून बाबांचा फोन. "अरे, फ्रीज टिकटिक करून राह्यला. मेकॅनिक म्हणते कॉम्प्रेसर गेला. नवीनच घेऊन टाकू काय?"

आता फ्रीज बंद पडला तर आमच्याकडे पाण्यावाचून कोणाचं अडत नाही, माठ आहेच. पण आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये असतात. त्यांना २ ते ८ अंश लागतात आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एप्रिलमध्ये तेवढे अंश फक्त फ्रीजच्या आतच सापडतात. आईने तोवर बाटल्या डब्यात घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवल्या होत्या. मी पुण्यात, फोन हातात धरून.

बग आला की आधी लॉग बघायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. बाबांना म्हटलं, मोबाईल फ्रीजच्या मागे धरा. आधी 'घूंऽऽऽ', दहाएक सेकंदांनी 'टिक', मग शांतता. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. फोन ठेवला आणि वाचत बसलो. वाचता वाचता फ्रीजच्या आवाजांचा अख्खा इतिहासच हाती लागला.

मंडळी, सुरुवातीला थंडी अगदी मुकी होती. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने बोस्टनहून जहाजात बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. काही वर्षांतच हा बर्फ मुंबईतही येऊ लागला. तळ्यांवरून कापलेला बर्फ, भुशात गुंडाळलेला. आवाज काय तो थेंब पडण्याचा.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, लंडनमध्ये जेकब पर्किन्सने यांत्रिक थंडीचं पेटंट घेतलं. वायू दाबायचा, बाहेर त्याची उष्णता काढून द्रव करायचा, मग बारीक वाटेने मोकळा सोडायचा. तो पुन्हा वायू होताना आसपासची उष्णता ओढून घेतो. आपला फ्रीज आजही हेच करतो. पण हे घरात यायला विसावं शतक उजाडलं, आणि आलं ते गोंगाट घेऊन. मोटर एकीकडे, कॉम्प्रेसर दुसरीकडे, मध्ये पट्टा. पिठाच्या गिरणीचं पिल्लूच म्हणा ना! अमेरिकेत बरेच लोक हे धूड तळघरात ठेवत आणि नळ्यांनी वरच्या कपाटाला जोडत.

आवाजापेक्षा वाईट म्हणजे गळती. आत सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथिल क्लोराइड असले विषारी वायू, आणि कॉम्प्रेसरचा फिरता दांडा जिथून आत जाई तिथलं सील झिजणार हे ठरलेलं. बर्लिनमध्ये एक कुटुंब अशा गळतीने रात्रीत मेलं. ती बातमी वाचून हळहळलेल्यांपैकी एक होता अल्बर्ट आइनस्टाइन. त्याने आणि लिओ झिलार्डने १९२६ पासून काही वर्षं चक्क फ्रीजवर काम केलं. हलणारा भागच नको म्हणून त्यांनी चुंबकीय क्षेत्राने द्रव धातू ढकलणारा पंप काढला. दांडा नाही, सील नाही, गळती नाही. फक्त एक अडचण होती. एईजी कंपनीत बनलेला नमुना इतका ओरडायचा की पाहणाऱ्यांना कोल्हेकुई आठवली! रात्री शेतावर ऐकू येते तशी कोल्हेकुई स्वयंपाकघरात कोणाला हवी? तो फ्रीज बाजारात आलाच नाही.

उलट स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये नुसत्या उष्णतेवर चालणारा फ्रीज बनवला होता. खाली ज्योत, वर थंडी, आणि आवाज शून्य. रॉकेलवर चालणारे फ्रीज याच जातीचे.

घराघरांत पोचला तो मात्र तिसराच मार्ग. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने 'मॉनिटर टॉप' काढला. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात घालून डबा कायमचा बंद. दांडा बाहेर येतच नाही, म्हणून सील नाही. आणि गोंगाटही आत कोंडला गेला. पुढे १९५८ मध्ये याच जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने गोदरेजने भारतात बनलेला पहिला फ्रीज आणला. आपल्या घरी फ्रीजच्या मागे तळाशी दिसतं ते काळं मडकं म्हणजे त्याच बंद डब्याचा वंशज.

डबा बंद झाला आणि आत डोकावायची सोय गेली. उरले फक्त आवाज. 'खळखळ' म्हणजे नळ्यांतून वाहणारा द्रव, काळजी नको. रात्रीचा 'कट्' म्हणजे थंडीने आकसणारं प्लास्टिक. बंद होताना 'धडधड' म्हणजे आत स्प्रिंगवर टांगलेली मोटर डोलते आहे. सतत 'खर्रर्र' आला तर आधी फ्रीजचे पाय समतल आहेत का आणि मागचा ट्रे सैल आहे का ते बघा. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फाला पंखा घासतो तेव्हाही तसाच आवाज येतो.

आणि 'घूं' नंतर 'टिक'? मोटर सुरू व्हायला धडपडते, जमत नाही, तापते, आणि ओव्हरलोड नावाचा छोटा स्विच तिला वाचवायला वीज तोडतो. थंड झाला की पुन्हा जोडतो. म्हणजे टिक हा बिघाड नाही, पहारेकरी आहे.

मग मोटर सुरू का होत नाही? कॉम्प्रेसर खरंच जाम झाला असेल, रिले गेला असेल किंवा व्होल्टेज कमी असेल. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १६० व्होल्ट आले तर जोर निम्म्याहूनही कमी!

शनिवारी सकाळी बाबांना विचारलं, "आता टिकटिक आहे?" "नाही, सकाळी बरा चालते. संध्याकाळीच करते." संध्याकाळी म्हणजे गल्लीतले सगळे कूलर चालू असताना. "आणि स्टॅबिलायझर?" पलीकडे शांतता. दिवाळीच्या रंगकामात काढलेला स्टॅबिलायझर माळ्यावरच होता. हिवाळाभर त्यावाचून अडलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या वायरमन काकांनी मीटर लावला: १६५. स्टॅबिलायझर खाली उतरला, धूळ पुसून जोडला. बाबांना बजावलं, लाईन जाऊन आली की पाच मिनिटं थांबा, नळ्यांमधला दाब समान झाल्याशिवाय मोटरला सुरू होणं जड जातं. पाऊण तासाने फोन आला तेव्हा मागे एकसंध घूंऽऽऽ चालू होतं, टिक नाही. फ्रीज पुरेसा गार झाल्यावर रात्री आईने बाटल्या परत आत ठेवल्या.

आता बाबा रोज संध्याकाळी फ्रीजचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. काल खाली लिहिलं होतं, "नुसती खळखळ. ठीक आहे ना?"

ठीक आहे, बाबा :-)