स्वाक्षरी आणि साक्ष

लिहिलेलें अक्षर अमुक एका मनुष्याच्याच हातचें आहे हें ठरवावयाचें कसें, हा प्रश्न न्यायासनापुढें फार जुन्या काळापासून उभा आहे. आपल्याकडील जुन्या खतपत्रांच्या अखेरीस साक्षीदारांचीं नांवें येत, तीं उगाच नव्हेत. मराठेशाहींतील राजपत्रांत मजकूर संपला तेथें मर्यादेची मुद्रा उठवीत. हेतु हा कीं, मागाहून कोणीं त्याखालीं एक ओळहि घुसडूं नये. इंग्लंडांत तर १८५४ सालापर्यंत दोन अक्षरें शेजारीं ठेवून तुलना करण्यास न्यायालयें सामान्यतः परवानगी देत नसत. ज्यानें त्या मनुष्यास लिहितांना पाहिलें आहे, अशाच्या शब्दावर त्यांची भिस्त असे. त्या सालीं दिवाणी आणि १८६५ सालीं फौजदारी कामांत तुलनेस मोकळीक मिळाली. हिंदुस्थानांतील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें तज्ज्ञाचें मत, अक्षराशीं परिचित असलेल्या मनुष्याचें मत आणि न्यायाधीशानें स्वतः केलेली तुलना असे तीनहि मार्ग खुले ठेवले; १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि ते कायम आहेत.

हा जुना वाद विसाव्या शतकाच्या अखेरीस अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे अमेरिकेंतील क्रीडांगणावर, नव्यानें पेटला. तेथें प्रश्न मृत्युपत्राचा नव्हता कीं कर्जरोख्याचा नव्हता; एका चामडी चेंडूवरील स्वाक्षरीचा होता.

बेसबॉल हा अमेरिकनांचा तितकाच जिव्हाळ्याचा खेळ, जितका आपल्याकडे क्रिकेट. त्या खेळांतील सर्वांत गाजलेला वीर बेब रूथ. त्याचा पांढरा चेंडूवरचा हस्ताक्षर-प्रसाद मिळावा म्हणून मुलें तासन् तास तिष्ठत, आणि रूथहि सढळ हातानें सह्या देई. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो आपल्या ‘बेब’ या टोपणनांवाभोंवतीं अवतरणचिन्हें घालीत असे व पुढें त्यानें ती संवय सोडली; संग्राहक आजहि या खुणेवरून चेंडूचें वय ताडतात. परंतु मागणी इतकी वाढली कीं, एका मनुष्याचा हात पुरा पडेना. संघाच्या सेवेंतील माणसें खेळाडूंच्या वतीनें सह्या करूं लागलीं. १९४८ सालीं रूथ मृत्युशय्येवर असतां त्याच्या परिचारिकेनेंहि त्याचें नांव लिहून चाहत्यांचें समाधान केल्याचें प्रसिद्ध आहे. पहिल्या खोट्या सह्यांचा उगम असा सौजन्यांत होता. त्यांवर कोणी पैसे मिळवीत नव्हतें; म्हणून त्यांविषयीं कोणी न्यायालयांतहि गेलें नाहीं.

पुढें काळ पालटला. १९८० नंतर अशा वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला. वडिलांनीं पेटींत जपून ठेवलेला चेंडू हजारों डॉलरांस विकला जाऊं लागला, आणि जेथें किंमत चढते तेथें नक्कल करणारा हात पोंचतोच. कॅलिफोर्निया राज्यानें यावर उपाय म्हणून कायदा केला. तो १९९३ सालीं अमलांत आला. क्रीडा-स्वाक्षरी विकणाऱ्या व्यापाऱ्यानें ग्राहकास लेखी प्रमाणपत्र दिलें पाहिजे, आणि त्यांत खोटेपणा आढळल्यास झालेल्या नुकसानीच्या दहापट दंड भरला पाहिजे, असें त्याचें स्वरूप होतें. हेतु स्तुत्य होता. परंतु जो सही बनवूं शकतो त्याला प्रमाणपत्र बनविणें कितीसें अवघड!

हें पुढें उघडकीस आलेंच. १९९० च्या दशकाच्या मध्यावर शिकागो येथें मायकेल जॉर्डन व इतर खेळाडूंच्या खोट्या सह्या विकणारी टोळी पकडली गेली. तिच्या तपासांत हातीं लागलेल्या धाग्यांवरून एफ. बी. आय. या संघीय तपास खात्यानें १९९७ सालीं सॅन डिएगो येथें गुप्त मोहीम आरंभिली. ‘ऑपरेशन बुलपेन’ हें तिचें नांव. सॅन डिएगोच्या संघांतील नामांकित फलंदाज टोनी ग्विन याच्या नजरेस स्वतःच्या संघाच्या दुकानांतच आपल्या नांवाच्या खोट्या सह्या पडल्या होत्या. ज्याची सही तोच साक्षीदार म्हणून पुढें आला, तेव्हां तपासास बळ मिळालें.

१९९९ च्या ऑक्टोबरांत एकाच वेळीं ठिकठिकाणीं झडत्या झाल्या आणि या धंद्याची रचना जगापुढें आली. ग्रेग मरिनो नांवाचा एक इसम रूथपासून मिकी मँटलपर्यंत मृत व हयात वीरांच्या सह्या हुबेहूब काढीत असे. दुसरे कोणी चेंडू पुरवीत, तिसरे प्रमाणपत्रें सिद्ध करीत, चौथे दुकानांतून माल खपवीत. नवा चेंडू जुना दिसावा म्हणून त्याच्या चामड्यास रंग चढविला जाई. या कारखान्याचा आत्मविश्वास एवढा वाढला होता कीं, जप्त मालांत मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलहि सांपडला! ज्या साध्वीचा या खेळाशीं काडीचा संबंध नव्हता, तिच्या सहीवरहि गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल, असा विक्रेत्यांचा अदमास होता. मोहिमेच्या शेवटीं १८ टोळ्या मोडल्या गेल्या आणि ६३ जणांवर दोष शाबीत झाला. त्या बाजारांत दर वर्षीं १० कोटि डॉलरांहून अधिक किंमतीचा बनावट माल फिरत असावा, असा सरकारी अंदाज होता.

या प्रकरणाचा सर्वांत मोठा धडा असा कीं, प्रमाणपत्र हें फसवणुकीला आळा घालण्याऐवजीं तिचें साधन झालें. ग्राहकानें चेंडू पाहिलाच नाहीं. त्यानें कागद पाहिला. अमेरिकेंतील प्रमुख बेसबॉल संघटनेनें २००१ सालीं जी व्यवस्था सुरू केली, तिनें नेमका येथेंच घाव घातला. सेवानिवृत्त किंवा रजेवरचे पोलीस अधिकारी प्रत्यक्ष हजर असतील तरच सही प्रमाणित होते. त्याच क्षणीं वस्तूवर अनुक्रमांक असलेली चमकती चिकटपट्टी लावतात, आणि ती सोलूं गेल्यास फाटते. डोळ्यांदेखत न झालेल्या सहीला, ती कितीहि खरी दिसो, ही व्यवस्था मान्यता देत नाहीं.

कायद्यानेंहि हीच वाट धरली, पण जरा अधिक उत्साहानें. २०१६ सालीं कॅलिफोर्नियानें आपला नियम क्रीडेपुरता न ठेवतां पांच डॉलरांवरील प्रत्येक सहीच्या वस्तूस लागू केला. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील नट मार्क हॅमिल यानें खोट्या सह्यांविरुद्ध केलेल्या तक्रारींचा त्यास हातभार लागला होता. परंतु साक्षीदाराचें नांव, सहीचा दिवस आणि सात वर्षें जपावयाची नोंद यांचा भार पुस्तकविक्रेत्यांवर पडला. लेखकांच्या सह्यांचे शेंकडों कार्यक्रम भरविणाऱ्या ‘बुक पॅसेज’ या दुकानाच्या मालकानें २०१७ सालीं संघीय न्यायालयांत दावा लावला. त्याच वर्षीं कायदा दुरुस्त होऊन पुस्तकें त्यांतून वगळण्यांत आलीं.

वादाची दुसरी बाजूहि नाजूक आहे. सही खोटी म्हणणें म्हणजे पुष्कळदां विकणाऱ्यास लबाड म्हणणें होय. ‘हें माझें मत आहे’ एवढें म्हटल्यानें आरोप करणारा सुटतो काय? १९९० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मिल्कोविच खटल्यांत सांगितलें कीं, नाहीं. मताच्या वेष्टनांत खोटा ठरूं शकणारा आरोप दडलेला असल्यास अब्रुनुकसानीचा दावा चालूं शकतो. तो खटला एका शाळेच्या कुस्ती-शिक्षकानें, शपथेवर खोटें बोलल्याचा आरोप छापणाऱ्या वर्तमानपत्रावर भरला होता. आणि कित्येकदां वादाचा निकाल लागतच नाहीं. फुटबॉलपटु एली मॅनिंग याच्या सामन्यांतील म्हणून विकलेलीं शिरस्त्राणें खरीं नव्हेत, असा दावा २०१४ सालीं संग्राहकांनीं लावला. मॅनिंगनें आरोप साफ नाकारला. २०१८ सालीं सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली, आणि खरें काय तें न्यायासनापुढें ठरलेंच नाहीं.

म्हणजे, सूक्ष्मदर्शक आणि शाईची परीक्षा हाताशीं असूनहि व्यवहार शेवटीं जुन्याच पायरीवर येऊन टेकला: हें लिहितांना कोणी पाहिलें काय? खतपत्राच्या तळाशीं साक्षीदाराचें नांव घालणाऱ्या कुळकर्ण्याला हा प्रश्न नवा वाटला नसता. घरांतील जुन्या पेटींत एखाद्या खेळाडूची सही असेल, तर ती कोणी, कोठें आणि कोणासमक्ष घेतली, एवढें एका चिठ्ठीवर लिहून तिच्यापाशीं ठेवणें शहाणपणाचें. सही पुढील पिढीला मिळेलच. तिच्याबरोबर साक्षहि मिळाली, तरच तिचें मोल टिकेल.